केबलने आवाज बदलतो, पण कुठे आणि किती?

पहिल्यांदा जाड, विणलेल्या आवरणाची स्पीकर केबल लावली त्या संध्याकाळी मी अक्षरशः थक्क झालो होतो. तोच अॅम्प्लिफायर म्हणजे अॅम्प, तेच स्पीकर, तीच खोली, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज जो इतके दिवस भिंतभर पसरल्यासारखा यायचा तो एकदम दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला, बेसला वजन आलं, ढोलाची थाप छातीत जाणवायला लागली. फरक "थोडासा" वगैरे नव्हता, शेजारच्या खोलीतून भाऊ उठून आला आणि म्हणाला काय केलंस रे, एवढा होता. त्या दिवसापासून दोन-अडीच वर्षं मी पक्का केबलवाल्यांच्या बाजूचा, आणि कोणी म्हणालं की वायर ती वायर, त्यात काय ऐकायचंय, तर तावातावाने भांडायचो.

मग एकदा खोलीतलं सामान हलवायचं म्हणून सगळं सोडवलं आणि ड्रॉवरमधून ती जुनी वायर बाहेर आली. तिच्या दोन तारांपैकी एकीवर पांढरी रेघ होती आणि टोकांना मीच कधीतरी लावलेल्या प्लस-मायनसच्या चिकटपट्ट्या अजून तशाच होत्या. उजव्या स्पीकरची वायर बरोबर. डाव्या वायरीला मात्र अॅम्पच्या टोकाला रेघवाली तार प्लस आणि स्पीकरच्या टोकाला तीच तार मायनस. म्हणजे इतके दिवस माझा डावा स्पीकर उलटा जोडलेला होता, उजव्याचा पडदा बाहेर यायचा तेव्हा डाव्याचा आत जायचा, खालचे सूर एकमेकांना मारून टाकत होते आणि मधल्या आवाजाला मध्ये जागाच उरली नव्हती. नवीन केबल लावताना मी नीट लक्ष देऊन प्लसला प्लस जोडलं, एवढंच झालं होतं. त्याच दिवशी जुनी वायर सरळ जोडून ऐकली तर गाणारी बाई मध्येच उभी, बेसही तसाच.

हे इतकं सविस्तर सांगतोय कारण फरक ऐकू आला हे शंभर टक्के खरं होतं आणि तो केबलच्या तांब्यामुळे पडला हे साफ चूक होतं, आणि या वादात दोन्हीकडचे लोक या दोन गोष्टी एकच समजून भांडत बसतात. एक म्हणतो मी माझ्या कानांनी ऐकलंय, दुसरा म्हणतो शक्यच नाही, आणि ऐकू आलेला फरक आला तरी कुठून हे कोणी शोधतच नाही. ते शोधता येतं, आणि त्याला शाळेतल्या फिजिक्सपेक्षा फार काही लागत नाही.

आधी केबल सिग्नलला काय करू शकते ते बघू. ऑडिओच्या कामापुरते तिचे तीन गुण महत्त्वाचे. एक रेझिस्टन्स, म्हणजे तार करंटला जेवढा अडथळा करते तो, हा सगळ्या सुरांना जवळपास सारखाच. दुसरा कपॅसिटन्स, दोन तारा मध्ये इन्सुलेशन ठेवून शेजारीशेजारी धावतात तेव्हा त्यांच्यात थोडा चार्ज साठतो आणि फ्रिक्वेन्सी जितकी वर तितका सिग्नल पुढे न जाता मधूनच परत फिरतो. तिसरा इंडक्टन्स, करंट पटापट बदलायला लागला की तार त्याला विरोध करते, हाही वरच्या सुरांनाच जास्त भोवतो. बाकी जी काही भारी नावं ऐकू येतात त्यातली बहुतेक या तिघांचीच वेगवेगळी रूपं असतात.

आणि केबल सिग्नल बिघडवते ही काही अफवा नाही हं, ती बिघडवते हे जगाला हाय-फाय जन्माला यायच्या कितीतरी आधी कळलं होतं. १८५८ साली अटलांटिक समुद्राच्या तळाशी पहिली टेलिग्राफची केबल टाकली, तीन हजार किलोमीटरहून लांब, आणि राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले, कारण एका टोकाला दिलेला खटकेदार ठोका दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत फिसकटून लांबच लांब व्हायचा आणि पुढच्या ठोक्यात मिसळायचा. केबल काही आठवड्यांतच बंदही पडली. पुढे १८८०च्या दशकात ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज माणसाने केबलमध्ये सिग्नलचं काय होतं याची समीकरणं मांडली आणि इंजिनिअर लोक ती आजही वापरतात. तेव्हा केबल हा काही गूढ विषय नाही, यावर जितकं पक्कं गणित आहे तितकं ऑडिओतल्या दुसऱ्या फार कमी गोष्टींवर असेल.

फक्त ते गणित लांबी विचारतं. आपल्याला ऐकू येणारा सगळ्यात वरचा सूर धरा २० हजार हर्ट्झ (आणि वय वाढलं की तेवढंही ऐकू येत नाही), त्याची केबलमधली एक लाट साधारण १० किलोमीटर लांब असते. तुमच्या तीन-चार मीटरच्या वायरीत त्या लाटेचा एक बारीकसा तुकडा मावतो, त्यामुळे लाटा टोकावर आपटून परत येतात, सूर आगेमागे पोचतात वगैरे जे समुद्राखालच्या केबलमध्ये खरोखर व्हायचं ते इथे ऐकू येण्याइतकं होऊच शकत नाही. राहतात ते साधे रेझिस्टन्स, कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स, आणि ते कुठे चावतात ते एकेक जोडणी घेऊन बघावं लागतं.

स्पीकर केबलपासून सुरू करू, कारण तिथे करंट मोठा असतो. स्पीकरच्या मागे ८ ओहम लिहिलेलं असतं पण तो ढोबळ आकडा झाला, प्रत्यक्षात हा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा एकूण अडथळा, सुराप्रमाणे वरखाली होत राहतो, कुठे ४ वर येतो, तर बेसमध्ये जिथे स्पीकरचा स्वतःचा रेझोनन्स असतो, म्हणजे ज्या सुराला तो आपोआप जास्त हलतो, तिथे ३० वरही जातो. आता वायर आणि स्पीकर एकापाठोपाठ एक जोडलेले, त्यामुळे अॅम्पचा व्होल्टेज दोघांत वाटला जातो, स्पीकरचा इम्पीडन्स जिथे मोठा तिथे त्याच्या वाट्याला जवळजवळ सगळा येतो आणि जिथे लहान तिथे वायर थोडा जास्त खाते. ज्याला सगळे नुसतं "अडीच एमएम" म्हणतात ती २.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर घ्या, तिचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ७ मिलिओहम, जाणारी आणि येणारी अशा दोन तारा म्हणून दुप्पट, पाच मीटर लांबीला एकूण ०.०७ ओहम. ४ ओहमच्या जागी नुकसान ०.१५ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) आणि ३० ओहमच्या जागी ०.०२ डीबी. म्हणजे वायरीने आवाजाचा तोल बिघडवला तो सगळा मिळून ०.१३ डीबी, आणि एवढं गाण्यात पकडायचं म्हणजे शांत खोलीत, दोन्ही वायरींमध्ये क्षणात बदलून ऐकलं तरी अवघड.

आता दुसरी वायर घ्या, बेलला किंवा छोट्या दिव्याला वापरतात तसली बारीक, ०.५ चौरस मिलीमीटर, आणि स्पीकर लांब आहेत म्हणून दहा मीटर. रेझिस्टन्स होतो ०.६९ ओहम. ४ ओहमच्या जागी सुमारे १.४ डीबी जातात, ३० च्या जागी फक्त ०.२, म्हणजे सुरांच्या तोलात १.२ डीबीचा फरक पडला, बेसचा तो फुगवटा बाकीच्यापेक्षा वर आला आणि जिथे इम्पीडन्स खाली होता तिथला आवाज दबला. हे ऐकू येतं. इथे कोणी म्हणालं की मी वायर बदलली आणि आवाज उघडला तर ते अगदी खरं आहे, आणि त्याला भ्रम म्हणणाऱ्याने आधी वायरीची जाडी आणि लांबी विचारायला हवी होती. मॅकिन्टॉश या अमेरिकन कंपनीत ज्यांनी अनेक वर्षं स्पीकर डिझाइन केले ते रॉजर रसेल एक सोपा नियम सांगायचे, जाऊन-येऊन वायरीचा एकूण रेझिस्टन्स स्पीकरच्या इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ आणि ४ ओहमच्याला ०.२. मी त्याहून थोडा कडक राहतो कारण जाड वायर घेणं हा काही कठीण उपाय नाही.

चांदीचं काय, तर चांदी तांब्यापेक्षा करंट चांगला वाहते हे खरं, पण साधारण ६ टक्क्यांनी, तेवढं तांबं जाड घेतलं की हिशोब फिटला. सोनं तर तांब्यापेक्षा वाईट वाहक आहे, ते प्लगवर लावतात ते गंजत नाही म्हणून, आणि तिथे ते योग्यच आहे. ऑक्सिजन-फ्री तांब्याचा फरक एखाद्या टक्क्याचा. स्किन इफेक्ट म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीचा करंट तारेच्या सालीतून वाहतो हेही खरं, पण २० हजार हर्ट्झला तांब्यात ती साल जवळपास अर्धा मिलीमीटर असते आणि तुमच्या वायरीची त्रिज्या एक मिलीमीटरच्याही आत, त्यामुळे रेझिस्टन्समध्ये होणारी वाढ स्पीकरच्या ओहमपुढे नगण्य. इंडक्टन्समुळे पाच मीटरला सगळ्यात वरच्या टोकाला जातात ते डीबीचे काही शतांश. एक गोष्ट मात्र उलटी होऊ शकते, शेकडो बारीक इन्सुलेटेड तारा विणून केलेल्या काही खास केबलींचा कपॅसिटन्स इतका वाढतो की एखादा नाजूक अॅम्प अस्थिर होऊन ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला थरथरायला लागतो, गरम होतो, जळूही शकतो. तिथे साधी वायरच बरी.

प्लेअर किंवा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल बनवणारं उपकरण) यांपासून अॅम्पपर्यंत जाणाऱ्या इंटरकनेक्टचा मामला वेगळा. तिथे करंट जवळजवळ नाहीच, अॅम्पचा इनपुट १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो, मग केबलचा रेझिस्टन्स अर्धा ओहम असो की दोन, काय फरक पडणार. इथे बघायचा कपॅसिटन्स, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं माप), आणि सोर्सचा, म्हणजे प्लेअर किंवा डॅकचा, आउटपुट इम्पीडन्स. हल्लीच्या सोर्सचा तो १०० ओहमच्या आसपास असतो, एक मीटर केबलबरोबर हिशोब केला तर वरचे सूर उतरायला लागतात ते १.६ कोटी हर्ट्झच्या पुढे. दहा मीटर केबल घ्या आणि सोर्स हजार ओहमचा वाईटातला वाईट धरा, तरी उतार दीड लाख हर्ट्झच्या पुढेच. आपले कान २० हजाराला थांबतात. म्हणून चांगल्या स्थितीतल्या दोन इंटरकनेक्टमध्ये, एक साधी आणि एक अतिमहाग, ऐकू येणारा फरक असायला जागाच दिसत नाही, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

पण थांबा, एक जागा आहे आणि ती केबल न मानणारे लोक हमखास विसरतात, ती म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुईच्या हालचालीचा सिग्नल बनवणाऱ्या भागात, बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची गुंडाळी असते आणि तिचा इंडक्टन्स अर्धा हेन्री (इंडक्टन्सचं माप) वगैरे सहज असतो, अशी गुंडाळी आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो. अर्धा हेन्री आणि एकूण २०० पिकोफॅरड असेल तर तो सुमारे १६ हजार हर्ट्झला बसतो, ऐकण्याच्या पार काठावर. आता लांब किंवा जास्त कपॅसिटन्सची केबल लावून एकूण ४०० केलं की तोच रेझोनन्स ११ हजारावर उतरतो, त्याच्या आसपासचे सूर वर येतात आणि पुढचे धडाधड कोसळतात, झांजांची किणकिण आधी टोचायला लागते आणि तिच्यावरची हवा गायब होते. म्हणून तर कार्ट्रिजच्या कागदावर १०० ते २०० किंवा २०० ते ३०० पिकोफॅरड असा आकडा छापलेला असतो, आणि त्यात टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) आतली वायर, बाहेरची केबल आणि रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअॅम्पचा इनपुट असं सगळं धरायचं असतं. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे त्यांनी हा कागद शोधून काढाच, इथे दीड मीटरऐवजी एक मीटर केबल लावल्याने आवाज खरोखर बदलू शकतो आणि त्याला महाग केबल लागत नाही, कमी कपॅसिटन्सची आणि आखूड लागते.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांना हे कधीच कोणी पटवून द्यावं लागत नाही. त्यांच्या पिकअपचा (तारांची कंपनं पकडणाऱ्या गुंडाळीचा) इंडक्टन्स कित्येक हेन्री, त्यामुळे सहा मीटरची केबल काढून तीन मीटरची लावली की आवाज उजळतो आणि लांब लावली की मऊ होतो, हे कुठल्याही स्टेजवर कानांनी कळतं. तीच कपॅसिटन्सची गोष्ट. म्हणून मला "केबलने काही होत नाही" हे वाक्य सरसकट म्हणणाऱ्यांचा राग येतो, ते गणित न करताच बोलतात, जसं समोरचेही न करताच बोलतात.

मग येतो हम, तो घुमणारा घूंऽऽ आवाज. यात केबलचा हात असू शकतो. साध्या आरसीए केबलमध्ये (मध्ये पिन आणि भोवती कॉलर असलेल्या प्लगची) बाहेरची जाळी दोन कामं करते, बाहेरचा गोंगाट अडवते आणि सिग्नलची परतीची वाटही तीच असते. दोन उपकरणं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असली की त्या जाळीतून विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झचा थोडा करंट वाहतो, जाळीच्या रेझिस्टन्सवर त्याचा व्होल्टेज तयार होतो आणि तो थेट गाण्यात मिसळतो. जाळी दाट आणि जाड असेल तर हा हम कमी होतो, इथे केबल बदलून फायदा झाला असं कोणी म्हणालं तर ते पटण्यासारखं आहे. पण मूळ उपाय म्हणजे सगळं एकाच ठिकाणच्या पॉवर पट्टीला लावणं, किंवा उपकरणांना सोय असेल तर तीन पिनांच्या एक्सएलआर प्लगची बॅलन्स्ड केबल वापरणं, जिच्यात एकच सिग्नल दोन तारांतून सुलट-उलट जातो आणि पुढे दोघांतला फरक घेतला की दोन्हीत सारखा घुसलेला गोंगाट आपोआप वजा होतो. स्टुडिओत पन्नास-पन्नास मीटर केबली टाकून कोणाची तक्रार नसते ती यामुळे. आणि हात जोडून सांगतो, हम घालवायला प्लगची अर्थची पिन कापू नका, काढू नका, ती जीव वाचवायला आहे.

कॉन्टॅक्टचंही तेच. उघड्या तांब्याची टोकं स्पीकरच्या स्क्रूखाली दोन-तीन वर्षं राहिली की काळपट, कधी हिरवट होतात, आरसीएच्या कॉलरवर न दिसणारा थर बसतो, कुठेतरी एखादी केसाएवढी तार बाहेर येऊन शेजारच्या टर्मिनलकडे झुकलेली असते. तुम्ही जुनी केबल ओढून काढता, नवी घालता, त्या घासण्यात सॉकेट साफ होतो, टोकं नवी असतात, स्क्रू या वेळी नीट आवळला जातो, आणि आवाज सुधारतो. श्रेय जातं नव्या केबलला. जुनीच केबल काढून, टोकं एक सेंटीमीटर कापून, नवीन तांबं सोलून परत लावून बघा कधी.

डिजिटल केबलचं थोडक्यात. तिथे आकडे जातात आणि आकडे एक तर बरोबर पोचतात नाहीतर चुकतात, चुकले की टकटक, तुटक आवाज, नाहीतर सरळ शांतता, एचडीएमआय असेल तर पडद्यावर ठिपके. बिट चुकून बासरी अधिक गोड किंवा बेस अधिक गोल होत नाही, कारण कुठला बिट चुकेल यावर संगीताचा काही ताबा नसतो. जिटर, म्हणजे आकडे पोचण्याच्या वेळेतली थरथर, ही खरी गोष्ट आहे, पण हल्लीचे डॅक स्वतःच्या घड्याळावर किंवा घड्याळ सुधारून घेऊन काम करतात आणि ती थरथर ऐकू येण्याच्या खूप खाली ठेवतात. कोअॅक्सियल डिजिटलला ७५ ओहमची केबल वापरा, विषय संपला. यूएसबीने कॉम्प्युटर जोडल्यावर गुरगुर येत असेल तर ते ग्राउंडचं, म्हणजे अर्थचं दुखणं आहे, वर सांगितलेल्या हमचाच भाऊ. पॉवर केबलबद्दल एवढंच की वीज भिंतीतल्या साध्या वायरीतून मीटरच्या मीटर येते आणि अॅम्पच्या आत तिचा आधी डीसी होतो, शेवटच्या दीड मीटरने संगीत बदलायला तिथे वाटच उरत नाही. पुरेशी जाड, अर्थ असलेली, प्लग घट्ट बसणारी असली की झालं.

आता सगळ्यात अवघड भाग, कारण वरचं सगळं मान्य करूनही अनेकांना फरक ऐकू येतो, आणि ते खोटं बोलत नसतात.

आवाजाची पातळी ०.२-०.३ डीबीने वाढली तर ती "मोठी झाली" असं जाणवत नाही, "स्वच्छ झाली", "जिवंत झाली" असं जाणवतं. केबल बदलताना आपण अॅम्प बंद करतो, परत चालू करून व्हॉल्यूम अंदाजाने पूर्वीच्या जागी आणतो, आणि नवीन खेळणं ऐकायच्या उत्साहात तो थोडा वरच लागतो. त्यात फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय की पातळी वाढली की कानाला बेस तुलनेने जास्त ऐकू येतो, म्हणजे नुसतं व्हॉल्यूमचं बटण तुम्हाला बेस वाढल्याचा अनुभव देतं. मग तुम्ही खुर्चीत परत बसता, डोकं आधीच्या जागेपासून चार बोटं सरकलेलं असतं. १० हजार हर्ट्झच्या आवाजाची हवेतली लाट ३.४ सेंटीमीटर लांब, त्यामुळे तेवढ्या सरकण्याने भिंतीवरून येणारे पडसाद आणि थेट आवाज वेगळ्या प्रकारे मिसळतात आणि कानापाशी वरच्या सुरांत कित्येक डीबी इकडचे तिकडे होतात. वायरीचा ०.१३ डीबी आठवा. आणि या सगळ्यात पाच मिनिटं गेलेली असतात, तर आवाजाची हुबेहूब छाप मनात राहते काही सेकंदच, त्यानंतर आपण आवाज आठवत नाही, आवाजाबद्दल मनाशी काय म्हणालो होतो ते आठवतो.

आणि अपेक्षा. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली एक साधा प्रयोग मांडला, पडद्यावरचा माणूस ओठांनी "गा" म्हणताना दिसतो पण आवाज "बा" चा लावलेला असतो, आणि ऐकणाऱ्या बहुतेकांना ऐकू येतं "दा". यात गंमत अशी की युक्ती माहीत झाल्यावरही "दा"च ऐकू येतो, डोळे मिटले की लगेच "बा". म्हणजे मेंदू ऐकताना फक्त कानाचं ऐकतच नाही, डोळ्यांनी काय पाहिलं आणि मनाला काय माहीत आहे ते सगळं मिसळून मग तो "आवाज" आपल्या हातात देतो. जाड, सुंदर विणलेली, जड प्लगची केबल आपण स्वतः हाताने लावली हे माहीत असताना ती चांगली ऐकू येणं हा कानाचा दोष नाही, माणसाचं ऐकणं असंच घडलेलं आहे, इंजिनिअरचंही आणि माझंही. म्हणूनच तपासताना डोळे आणि माहिती बाजूला ठेवावी लागते, दुसरा मार्ग नाही. १९८३ साली स्टिरिओ रिव्ह्यू या अमेरिकन मासिकाने असं न सांगता ऐकवून बघितलं होतं, तेव्हा २४ गेजची अगदी बारीक वायर पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला सलग खरखरता आवाज) लावल्यावर लोकांनी ओळखली, पण साधी जाड वायर आणि नावाजलेली खास केबल यातला फरक संगीत लावल्यावर खात्रीने सांगता आला नाही. वरच्या गणिताशी हे तंतोतंत जुळतं.

घरी हे करता येतं आणि प्रत्येकाने एकदा करावंच असं मला मनापासून वाटतं. एक मदतनीस लागतो, एक नाणं आणि एक साधा मल्टीमीटर. मोबाईलवरून दोनेकशे हर्ट्झचा सलग टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, दोन्ही केबलींनी आकडा एक टक्क्याच्या आत जुळला म्हणजे पातळी ०.१ डीबीच्या आत जुळली, नाही जुळला तर व्हॉल्यूमने जुळवा. मग तुम्ही पाठ फिरवून खुर्चीत, मदतनीस प्रत्येक वेळी नाणं उडवणार, छापा तर ही केबल, काटा तर ती, आणि केबल तीच राहणार असली तरी काढून परत लावायची, म्हणजे खुडबुडीवरून अंदाज येणार नाही. बोलायचं नाही, त्याने त्याच्या कागदावर लिहायचं, तुम्ही तुमच्या. असं १६ वेळा. नुसत्या अंदाजाने सरासरी ८ बरोबर येतात, १२ किंवा जास्त निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, म्हणून १२ हा आकडा आधीच ठरवून ठेवायचा, निकाल बघून नाही. दोन स्पीकर एकदम बदलायला वेळ लागतो म्हणून एकच स्पीकर ऐकला तरी चालतो, आणि स्विच लावून क्षणात बदलता आलं तर फारच चांगलं, कान तेव्हा सगळ्यात तीक्ष्ण असतात.

मी भावाला बसवून केलं. आधी ती माझी विणलेली केबल आणि साधी अडीच एमएम, चार मीटरची. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत मला अगदी स्पष्ट वाटत होतं की मी ओळखतोय, कागदावर ठासून लिहीत होतो, आणि शेवटी जुळवलं तर १६ पैकी ९. मग त्याला म्हटलं आता बेलची बारीक वायर दहा मीटर लाव, आणि या वेळी पातळी न जुळवता, जशी येईल तशी. १६ पैकी १५. पातळी जुळवून परत केलं, १३, आणि या वेळी काय ऐकतोय तेही सांगता येत होतं, बेस जरा सैल आणि फुगलेला, गाण्याचा आवाज अर्धं पाऊल मागे. सगळं झाल्यावर त्या बारीक वायरीची एका टोकाची दोन्ही तोंडं एकत्र पिळली आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावला. कागदावर आधी काढून ठेवलेला आकडा ०.६९ ओहम होता, मीटरच्या स्वतःच्या तारांचा रेझिस्टन्स वजा करून आला ०.७.